शेगडीमागची भिंत

ओल्या सिमेंटचा वास आला की मला ओमानमधल्या दार्सैतचं आमचं भाड्याचं स्वयंपाकघर आठवतं. फोडणीच्या वाफेने शेगडीमागचा गिलावा सुटला होता. घरमालक आम्हाला स्वतः टाइल्सच्या दुकानात घेऊन गेला. टाइल्स लावून देतो, पण दोन वर्षं घर सोडायचं नाही, एवढीच त्याची अट होती. यांच्या व्हिसाचं नूतनीकरण मात्र कंपनीत अडकलेलं. दुकानात एसी असूनही यांच्या कपाळावर घाम होता. "अगं, ऑइल पेंट मारून घेऊ," हे मराठीत पुटपुटले, "पुढच्या महिन्यात परत जावं लागलं तर?" "आणि नाही गेलो तर? गिलावा आमटीत पडू दे?" मी म्हटलं. "मॅडम, कौनसा? यल्ला, नमाज का टाइम हो गया," मालक घाई करू लागला. मी साध्या पांढऱ्या टाइलवर बोट ठेवलं. हे गाडीत जाऊन बसले. व्हिसा होईपर्यंत त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं नाही. चहासुद्धा बाहेरच्या खोलीत घ्यायचे. ओमानमध्ये राहायचं कधी ठरवलंत, असं आजही कोणी विचारलं की हे व्हिसा मिळाल्याचा दिवस सांगतात. मला त्या पांढऱ्या टाइलवर बोट ठेवल्याचा दिवस आठवतो, पण मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही.