काजळीची वडी

नातवाच्या कारखान्यात हत्याराला धार लावताना जळक्या धुळीचा वास सुटतो, आणि मी दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या लेथपाशी जाऊन पोचते.

मी भाकरी घेऊन गेले होते. ह्यांना लेथवर लोखंड कापायचं, विलायतेहून आलेलं नवं हत्यार मिळालं होतं. त्याच्या टोकाला नखाएवढा करडा तुकडा होता, टंगस्टन कार्बाइडचा. धार लावताना तो तापला, आणि पोलादाच्या सवयीनं ह्यांनी तो पाण्यात बुडवला. टच्‌कन आवाज झाला. तुकडा दुभंगला.

लढाईत दुसरा कुठून येणार? हे दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन जुळवत बसले.

"ह्ये पोलाद न्हाय गं, ध्यानातच राहिलं न्हाय," हे म्हणाले. "टंगस्टनची पूड काजळीत मिसळून भट्टीत तापवत्यात. मग कोबाल्ट घालून दळत्यात, दाबून वडी करत्यात आन् भाजत्यात."

"मग वाटा की परत, आन् भाजा," मी म्हणाले.

हे पोट धरून हसले. मग जेवलेही.

काल नातू म्हणाला, तुटके तुकडे गोळा करून आता त्यांची परत पूडच करतात. माझं बोलणं शहाणपणाचं निघालं, याचं मला जरा वाईटच वाटलं. त्या दुपारी ते वेडगळ होतं, म्हणून तर हे हसले होते.