सातवी मागणी

‘कमळ’ आणि ‘घर’ लिहिता यायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ लिहिता यायचं. बाबा पत्रकं काढायचे आणि आम्ही बहिणी ती वाटायचो. त्यांचा एक कडक नियम होता : घरात पत्रक उरता कामा नये. उरलेलं पत्रक म्हणजे न पोचलेला माणूस. शेवटची प्रत ते आमच्या शेजारच्या गोरेगावच्या बाजारात कुणाच्याही पिशवीत, वांग्यांवर ठेवून यायचे. त्यामुळे जन्मभर पत्रकं काढलेल्या माणसाच्या घरात पत्रक एकही नाही.

मी मात्र नव्या जमान्याची. गोरेगावच्या डीटीपीवाल्याकडून मी सगळ्या पत्रकांच्या फायली सीडीवर घेतल्या, सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून लॅपटॉपवर. ‘कागदाला वाळवी लागते, विचाराला नाही,’ असं भाषणात सांगत फिरले. त्यातली एकही फाईल उघडून मात्र पाहिली नव्हती. पेटीतले दागिने कोण रोज काढून बघतं?

मग आमच्या गावची सकाळची बस बंद झाली. धाकटी सेनगावला कॉलेजात जाते. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ती भरेपर्यंत पहिले दोन तास होऊन जातात. आई म्हणाली, असंच चाललं तर कॉलेज सोडावं लागेल.

“मग लग्न लावून द्या म्हणा माझं,” धाकटी चिडून म्हणाली.

“व्हय, पोरगं हाये माझ्या बघण्यात,” आत्या म्हणाली. ती वाटच बघून राहिली होती.

बाबा आणि मी कचेरीत गेलो. कचेरीचं नाव लिहीत नाही, ज्याला त्याला आपापली आठवेल. साहेब म्हणाले, “मागच्या वेळी तुमच्या ज्या मागण्यांवर बस सुरू झाली, तो कागद आणा. एकदा मान्य झालेलं आहे, त्यावर मी सही करतो. आमची फाईल सापडून नाही राहिली. आणि सोमवारी या. मंगळवारी माझी बदली आहे.”

घरी येऊन मी ऐटीत लॅपटॉप उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांचा उकिरडा दिसला. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“हे मी लिहिलं व्हय?”

“तुमचं लिहिणं पहिल्यापासूनच जड आहे, बाबा,” धाकटी म्हणाली.

आकडे तेवढे शाबूत होते, एक ते सात. मागण्या सात होत्या हे नक्की झालं. बाबांना सहा आठवल्या. सातवीचं एवढंच आठवत होतं, की ती सगळ्यात जहाल होती. अर्धा कागद घेऊन साहेबांपुढे जायला ते तयार नव्हते.

सातवी शोधायला मी गावात फिरले. एकजण म्हणाला, ती त्याच्या वावराकडच्या पुलाची होती. शेळ्या पाळणारी म्हातारी म्हणाली, “बकरीचं तिकीट माफ करा, अशी व्हती. मीच सांगितली व्हती तुझ्या बापाला.” चावडीवर तर सातव्या मागण्याच सातापेक्षा जास्त निघाल्या.

रविवारी आम्ही गोरेगाव गाठलं. डीटीपीवाल्याचं आता ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, पण जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात चालू असतो. लग्नपत्रिकांचे नमुने त्यातच आहेत, म्हणून. त्याने माझा पेनड्राइव्ह लावला आणि बाबांचं पत्रक जसंच्या तसं मराठीत उघडलं. का उघडलं, ते त्यालाही सांगता येईना. शेजारी ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ त्याच वळणात लिहिलेलं दिसलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फाईल मी जिवापाड जपली होती. ती ज्या फॉन्टमध्ये होती, तो फॉन्ट इथंच राहिला होता, नवऱ्या-नवरींच्या सेवेत.

बाबांनी सातवी मागणी मोठ्याने वाचली. “याआधीची आमची निवेदने कार्यालयाने हरवली आहेत. हे तरी सांभाळून ठेवावे व मागताक्षणी दाखवावे. अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.”



“आंदोलनाला कोणाच्या दारात बसायचं मग, ताई?” डीटीपीवाल्याने विचारलं.

दोन प्रती छापल्या. एक साहेबांसाठी आणि, बाबांच्या हयातीत पहिल्यांदाच, एक घरासाठी. सोमवारी साहेबांनी सातवी मागणी दोनदा वाचली, वर पंख्याकडे पाहिलं आणि सही केली. पुढच्या आठवड्यापासून बस येणार होती. सही झालेला कागद त्यांनी आमच्या हातात दिला.

“हा खाली खिडकीवर द्या, गाड्या तिथून सुटतात. आणि एक प्रत आमच्या फाईलला पाहिजे.”

बाबांनी खिशात हात घातला. मी त्यांची बाही ओढली.

“पोचायला पाहिजे,” बाबा म्हणाले आणि घरची प्रत टेबलावर ठेवली.