माहेर कुठलं, असं विचारणारे काका

"मूळचे कुठले?" हे विचारल्याशिवाय काकांना चैन पडत नसे. मी रुजू झालो त्या दिवशी पाच मिनिटांत त्यांनी माझ्या आईच्या मामांपर्यंत मजल मारली. मी व्हिसावर आलेला कंत्राटी प्रोग्रामर, ते तीस वर्षं अमेरिकेत मुरलेले इंजिनिअर. डोंगराळ भागातलं आमचं सरकारी ऑफिस कोळशाच्या खाणींना परवाने देई. आधीच्या खाणीत नासधूस करून ती ज्यानं निस्तरली नसेल, त्याला नवा परवाना मिळत नसे.

ही तपासणी काका लग्नाचं स्थळ बघावं तशी करत. "कंपनी नवी असते रे, माणसं नवी नसतात," म्हणत. डायरेक्टर कोण, मेहुणा कोण, पत्ता कुणाच्या घरचा, सगळं कागदावर हातानं मांडत. मला हसू येई. तेच काम माझा प्रोग्राम मिनिटात करायचा.

२००४ सालच्या एका गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. समोरचा, एका बाईंच्या नव्या खाण कंपनीचा अर्ज माझ्या प्रोग्रामनं निर्दोष ठरवला होता आणि परवान्याचं पत्र दुसऱ्या दिवशी निघणार होतं.

"या बाईंचं माहेर चेक केलंस?"

प्रोग्राम फक्त आडनावं जुळवत होता. बाईंनी कंपनी माहेरच्या नावानं काढली होती, आणि नवऱ्याच्या बंद खाणीचं काळं पाणी अजून ओढ्यात उतरत होतं. काठावरच्या घरांच्या विहिरी नासल्या होत्या. लग्नानंतर पासपोर्टवर बायकोचं आडनाव मीच बदलून आणलं होतं, तरी हे मला सुचलं नव्हतं.

ग्रीन कार्डचे कागद अडकलेले, बायकोला सातवा महिना. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसाही गेला. "काका, माझं नाव..."

त्यांनी चष्मा पुसला. "पत्र थांबवलंय. प्रोग्राम दुरुस्त कर, जुने सगळे अर्ज परत रन कर. साहेबांशी मी बोलतो."

"शेवटची तपासणी माझी होती, नजरचूक माझी," असं काकांनी साहेबांना लिहून दिलं. साहेबांचं बोलणं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकत होतो, उठलो नाही.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. तो निरोपसमारंभ आठवला की अजून लाज वाटते. "तीस वर्षांत हा माणूस एकदाच चुकला," असं म्हणून साहेबांनी त्यांना चिडवलं. सगळे हसले. माझ्याकडे न बघता काकाही हसले. हातात केकची प्लेट घेऊन मीही हसलो.