क्यूबमधली शिंपली

माझा स्वभावच संशयी. टरबूज घ्यायचं तर मी तीन ठोकून बघतो आणि चौथं घेतो. घरी आल्यावर तेही पांढरं निघणार अशी माझी खात्री असते. बायको पाहुण्यांना रंगवून सांगते, "मला बघायला आले तवा ह्यांनी पोहे खायच्या आधी आमची भिंत नखानं खरवडून बघितली." खोटं नाही ते. गिलावा भुसभुशीतच होता, पण पोरगी चांगली होती म्हणून गप्प बसलो.

गप्प बसायची सवय मात्र नोकरीनं लावली. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काँक्रीटचे क्यूब फोडतोय. कुठं स्लॅब पडला, की त्याच मालातून थोडा काढून लोखंडी साच्यात भरायचा. त्याचे वीतभर रुंदीचे ठोकळे होतात, तेच क्यूब. अठ्ठावीस दिवस पाण्यात भिजवून ते आमच्याकडं आणतात. मी मशीनमध्ये ठेवून दाब देतो, काटा चढत जातो आणि एका जागी कट्टकन क्यूब फुटतो. तो आकडा मी लिहितो, खाली 'तपासणारा' म्हणून सही करतो, वर सरांची सही होते. झाला रिपोर्ट.

आता ह्यातली खरी गोष्ट. स्लॅबचा माल वेगळा आणि क्यूबचा वेगळा. क्यूबसाठी घमेलंभर माल निराळा कालवतात, सिमेंट सढळ, रेती धुतलेली. लेकीला बघायला पाहुणे यायचेत अशी त्या ठोकळ्यांची बडदास्त. आम्हाला हे माहीत, बिल्डरांना हे माहीत. म्हणून आमच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: नमुना पार्टीनं आणून दिलेला आहे, निकाल फक्त त्या नमुन्यापुरता. तीस वर्षं मी त्या एका ओळीच्या आडोशाला उभा आहे.

मध्यंतरी कॉलेजात एक मोठे पाहुणे भाषणाला आले होते. बांधकाम व्यवसाय आणि देशाची अर्थव्यवस्था, असा विषय. म्हणाले, शेतीखालोखाल सगळ्यात जास्त हातांना काम बांधकाम देतं. एक इमारत उठली की सिमेंटवाला, सळईवाला, खडी क्रशरवाला, ट्रकवाला, फरशीवाला, रंगारी, सगळ्यांची चूल पेटते. बँकेचं कर्ज हलतं, सरकारला कर मिळतो. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतो. माणूस चूक बोलत नव्हता. पैठण रोडला उभं राहा, दिवसभर खडीचे हायवा ट्रक मोजून थकाल. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बँक कर्ज देते ती कागद बघून, माणूस घर घेतो तो कागद बघून. एवढा मोठा देशाचा गाडा कागदावर चाललाय, आणि त्यातल्या एका कागदावर सही माझी! माल आणि कागद एकच आहेत का, हे कोण बघतं? विचारायचं होतं. हात अर्धा वर केला आणि त्याच हातानं चष्मा सारखा केला.

त्याच सुमारास फ्लॅटच्या एका स्कीमचे क्यूब आले. आकडा असा झकास, की मला तिथंच वास आला. फुटलेला तुकडा हातात घेऊन बघितला तर आत नदीची गोल, पिवळसर रेती आणि त्यात करंगळीच्या नखाएवढी पांढरी शिंपली. अरेच्चा! आमच्याकडं आता सगळीकडं क्रश सँड चालते, दगड फोडून केलेली काळी, टोकदार कच. दगडाच्या भुग्यात शिंपली कुठून येणार? मी ती खिळ्यानं कोरून काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. आणि सही केली. शिंपली बघून सही केली, हे आज लिहितानाही कान गरम होतात.

पुढं काही महिन्यांनी लेक म्हणाली, "अण्णा, फ्लॅट बघितलाय. ह्यांना बिडकीनला कंपनीत जायला सोपं पडंल. पोरीची शाळा जवळ. तुम्ही एकदा या, तुमची नजर पडली की मग सह्या करू." जावई हसून म्हणाले, "मामा नापास करणार बघ." सात वर्षं भाड्यानं राहिलेली माझी लेक. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही म्हणून पोरीची चित्रं फ्रिजला चिकटवते. तिच्या घराचा प्रश्न होता.

जावयांची ड्युटी होती, आम्ही दोघंच गेलो. गेटवर स्कीमचं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच नाव क्यूबवर लाल रंगानं लिहून आलं होतं. आत क्रश सँडचा काळा ढीग. सुपरवायझर पोरगा उत्साही होता. मी साळसूदपणे विचारलं, "नदीची रेती नाही वापरत का?"

"नाय काका, पायापासून क्रशच. नदीची रेती आजकाल मिळती कुठं?"

बिचारा खरं बोलला.

ऑफिसात गेलो तर समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये माझा रिपोर्ट. लेक जवळ गेली आणि टाळी वाजवून ओरडली, "अण्णा! ही तर तुमची सही! आता अजून काय बघायचं राहिलं?"

मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. ढिगापाशी उभं करून म्हणलं, "बेटा, घेऊ नको."

"अहो, पण सही तुमचीय!"

"माझीच आहे. म्हणून तर सांगतोय." मग सगळं सांगितलं, वेगळं घमेलं, शिंपली, खालची ओळ. तिनं मूठभर काळी कच उचलली, बघितली, टाकून दिली. म्हणाली, "बरं, नाही घेत." आवाज असा, की मला वाटलं ही आता रडते. रडली नाही. ऑफिसकडं बघत तिनं विचारलं, "आणि त्या?"

आत एक बाई आल्या होत्या. सँपल किचनचा ओटा विती टाकून मोजत होत्या, पुटपुटत होत्या, "इथं गॅस, इथं मिक्सर." वैजापूरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. मी आत गेलो. लेकीचं मघाचं ओरडणं सुपरवायझरनं ऐकलं होतं. 'रिपोर्टवर सही ह्यांचीच' म्हणून त्यानं माझी ओळख करून दिली, त्याला तेवढंच हवं होतं. बाईंनी हात जोडले. "तुमचीच सही व्हय, दादा? मंग घर लई पक्कं असंल."

तीस वर्षं संशय घेतला, पण मनातल्या मनात. पहिल्यांदा तोंडातून काढला. "ताई, त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे. ती आधी वाचा." सुपरवायझरचं हसू मावळलं. बाई वाकल्या, काचेला नाक लागेस्तोवर वाकल्या, एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. मग सरळ झाल्या.

"म्हंजी हे ह्या घराचं नायच?"

"नाही."

"मंग तुम्ही सही कशापायी केली?"

मी दाराकडं बघितलं. लेक उंबऱ्यात उभी होती. तिलाही तेच ऐकायचं होतं, आणि माझ्याकडं ती संशयानं बघत होती.