काहिलीतली चारची फेरी

माझे वडील, अण्णा, जन्मभर लाल बस चालवून रिटायर झाले, जालन्यातलं घर विकलं आणि घनसावंगी तालुक्यात गोदावरीच्या काठाला दोन खोल्या बांधून राहायला गेले. खाली बंधारा झाल्यापासून तिथं नदी वाहत नाही, नुसती साचून असते. ‘आतापोत धूळ खाल्ली, आता पाणी पाहू,’ म्हणाले. पाहण्यावर भागवलं असतं तर बरं झालं असतं.

बंद पडलेल्या गुऱ्हाळातून त्यांनी उसाचा रस उकळायची काहील आणली. लोखंडी, पसरट, तीन-चार माणसं मांडी घालून बसतील एवढी. भोकं डांबरानं बुजवली, वल्हवायला एक फळी तासून घेतली आणि रोज दुपारी चारला काहिलीत बसून पलीकडच्या काठाला जायला लागले. कशाला, तर तिथल्या टपरीवर चहा चांगला मिळतो. आमच्याकडं काहिलीतून नदी ओलांडणारी माणसं आहेत, पण ती दुसरा रस्ता नाही म्हणून. अण्णांना घरात चहा होता.

पोळ्याच्या सुट्टीत मी गेले ती त्यांना थांबवायलाच. शाळेत मी वर्गभर पोरं एका नजरेत गप्प करते, म्हणून घरात कुणाची समजूत घालायची असली की मला पाठवतात. मी तासभर समजूत घातली. तिचा परिणाम असा झाला, की चार वाजता मी स्वतः काहिलीशेजारी उभी होते. सुरक्षितता म्हणून ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब डोक्यातून घालायला गेले, ती कमरेपाशी अडकली. ना वर, ना खाली.

‘बराबर बसली,’ अण्णा म्हणाले. ‘आता तू बुडायची न्हाई, अन् ट्यूबमधून निघायची बी न्हाई. बाई, मधोमध बस.’

काठावर कोळ्यांच्या होड्या वर ओढून पालथ्या घातलेल्या होत्या. जाळी बाभळीवर टाकलेली. माणूस एकही नाही.

‘अण्णा, आज पाण्यात कुणीच कसं न्हाई?’

‘त्यांना सुट्टी असंल. आपल्याला न्हाई. मोकळी का असंना, गाडी टाइमावर सुटती.’

अर्ध्यात आलो आणि वारा पडला. सकाळपासून एका जागी बसलेले जलपर्णीचे पुंजके आमच्या शेजारून निघाले. सगळे एकाच बाजूला, बंधाऱ्याकडं, कसलीही घाई नसल्यासारखे. थोड्या वेळानं आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो. काहिलीला पुढचं-मागचं काही नसतं. ती स्वतःभोवती फिरायला लागली. आमचं घर दिसायचं, मग टपरी, मग पुन्हा घर, आणि दर वेळी ते जरा बारीक झालेलं असायचं.

‘खालची दारं उघडली वाटतं,’ अण्णा म्हणाले.

‘दारं उघडायचा भोंगा वाजला का मघाशी?’

‘वाजला असंल. मला कुठं ऐकू येतं आता.’

मला येतं. पण तो वाजला असलाच तर मी तेव्हा ट्यूबशी झटत होते.

अण्णा फळी मारत होते. चेहरा शांत होता, नेहमीसारखा, घाटात बस चालवताना असायचा तसा. मग माझी नजर खाली गेली. त्यांचा उजवा पाय काहिलीच्या तळावर जोर लावून दाबलेला होता. ते ब्रेक मारत होते.

आम्हाला वाचवलं ते बुडालेल्या बाभळींनी. कुणाच्या तरी शेताचा बांध पाण्याखाली गेलेला, त्यावरच्या झाडांचे शेंडे तेवढे वर होते. अण्णांनी काट्यांसकट फांदी धरली. मी दुसरी धरली. या फांदीवरून त्या फांदीवर हात टाकत आम्ही आमच्याच काठाला, गावापासून पार खाली लागलो. घरापर्यंत मी ट्यूब घालूनच चालले. वाटेत एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.

मायनं मला खोबरेल लावून ट्यूबमधून काढलं. मग सुई घेऊन अण्णांच्या तळहातातले काटे काढत बसली.

‘माय, तू तरी सांग त्यांना.’

‘सांगून झालं,’ ती म्हणाली आणि सुई जरा खोल घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काहील बैलगाडीत घालून परत आणवली आणि चारला चिंध्या बांधलेल्या हातांनी फळी उचलली. मी त्यांच्या मागं काठापर्यंत पळत गेले आणि आडवी उभी राहिले.

‘अण्णा, काल मेलो असतो आपण.’

‘मेलो का? माझ्याबरोबरचे रिटायर झाले, अन् खाटंवर बसले. गेले एकेक करून. खाट काय कमी खोल ऱ्हाती?’

तेवढ्यात मागून माय आली. लुगडं वर खोचलेलं. ती आमच्या दोघांच्या मधून गेली आणि चिखलात टेकलेल्या काहिलीत जाऊन बसली.

‘तू कुठं?’ अण्णा म्हणाले. ‘तुला पाणी पाहून चक्कर येती.’

‘रोज काठावर उभी राहून येतीच की. मधी बसून येऊ द्या. चला, टाइम झाला.’

अण्णा जागचे हलले नाहीत. ते पाण्याकडं बघत राहिले, मी आल्यापासून पहिल्यांदाच. वर पाऊस झाला असावा, पाणी रात्रीतून चढलं होतं. काहील चिखलातून आपोआप सुटली, अर्धी फिरली आणि मायला घेऊन हातभर आत सरकली. तिनं डोळे गच्च मिटून घेतले, पण कड धरली नाही.

अण्णांनी फळी टाकली, गुडघाभर पाण्यात शिरले आणि जखमी हातांनी काहील धरली.

‘उतर.’

‘आधी सांगा,’ माय डोळे मिटूनच म्हणाली, ‘उद्या कितीला यायचं मी?’

अण्णांनी कड आणखी घट्ट धरली. चिंध्यांवर लाल ठिपके उमटायला लागले. मी चपलांसकट पाण्यात उतरले आणि दुसऱ्या बाजूनं कड धरली. काहील जड होती, आणि पाण्याची ओढ कालच्याइतकीच होती.