टोपीवाल्या हत्तीची चित्रं

नामांतरावरून गावोगाव पेटलं, त्या वर्षी आम्ही गाव सोडून परभणीत आलो. नवरा पेंटर. लहान मुलांच्या खुर्च्या आणि पाळणे करणाऱ्या कारखान्यात त्याला काम लागलं. मला लाकूड घासायचं मिळालं. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड आणि आठ माणसं.

मालकानं मुंबईच्या एका कंपनीकडून त्यांचा टोपीवाला हत्ती खुर्च्यांवर काढायची परवानगी आणली होती. कंपनीचे नियम फार. नवरा आधी जाड कागदावर रंगीत चित्र काढायचा. ते मुंबईला जायचं आणि शिक्का घेऊन परत यायचं, नाहीतर लाल पेन्सिलीनं 'कान मोठे झाले' असं लिहून यायचं. चित्राखाली नाव घालायची त्याला मनाई होती.

शिक्का मिळाला की त्या चित्राखाली दुसरा कागद धरून मी रेघेरेघेवर सुई टोचायची. भोकं दोन्ही कागदांना पडायची. खालचा कागद लाकडावर ठेवून वरून गेरूची पुरचुंडी आपटली की हत्ती उमटायचा. मूळ चित्राचं काम तिथंच संपलं. मालक ते ओल्या खुर्च्यांखाली अंथरायचा.

मी ती चित्रं उचलायला लागले. प्रेमबिम काही नव्हतं. पेटीत लुगड्यांखाली घालायला जाड कागद बरा पडायचा. नवरा हसायचा. "खजिना जमवायलीस का काय?" म्हणायचा.

पुढं तो काविळीनं गेला. त्याचा फोटो नव्हता. त्यानं रंगवलेल्या भिंतींवर लोकांनी चुना मारला. मी पेटी उघडून चित्रं मोजली. तेवीस भरली. त्यानंतर त्यांच्यावर लुगडी ठेवली नाहीत.

काही वर्षांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि कंपनीनं परवानगी बंद केली. मूळ चित्रं परत करा, असा कागद आला. मालकाकडं एकही नव्हतं. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमच्याकडं हायेत म्हणं."

"हायेत."

"द्या की. न्हाईतर माझ्यामागं कोर्ट लागंल."

"खुर्च्यांखाली अंथरताना न्हाई आठवलं कोर्ट?"

पण शेड बंद पडलं तर मी खाणार काय? दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन शेडवर गेले.

मुंबईहून आलेला कंपनीचा माणूस कडक इस्त्रीतला. त्यानं एक चित्र खिडकीकडं धरलं. हत्तीच्या सगळ्या रेघांमधून उजेड आला.

"हे काय केलंत, बाई? मूळ चित्राला भोकं पाडली?"

"मग हत्ती काय पायानं चालत लाकडावर जाणार होता?"

"त्यासाठी वेगळा पातळ कागद वापरायचा असतो. आम्ही कळवलं होतं."

मी मालकाकडं पाहिलं. तो रंगाच्या डब्यांकडं पाहायला लागला.

"ही आता आमच्या कामाची नाहीत," तो माणूस म्हणाला. "पण तुम्हालाही ठेवता येणार नाहीत. माझ्यासमोर फाडायची." आणि हातातलं चित्र त्यानं मधून फाडलंसुद्धा.

बाकीचा गठ्ठा मी ओढून घेतला. "थांबा. मी फाडते." वरच्या चित्राचा आभाळाचा कोपरा फाडून त्याच्यापुढं टाकला.

"असं नाही, मधून फाडा."

"मधून फाडा असं लिवलंय का तुमच्या कागदात? दावा."

त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. 'परत घ्यावीत किंवा फाडून नष्ट करावीत' एवढंच होतं, मधून असं लिहिलेलं नव्हतं. मालक हळूच म्हणाला, "साहेब, फाडलं म्हंजी फाडलं. तुमची गाडी हुकंल."

मी बावीस कोपरे फाडले. कागद जाड, बोटं दुखून आली. त्यानं यादीवर 'नष्ट' लिहिलं. खाली माझी सही घेतली, ती मी चौथीत शिकले तशी केली. त्यानं फाडलेल्या चित्राचे दोन्ही तुकडे मी मागितले. दिले नाहीत, यादीला टाचून नेले.

बाकीची बावीस मी त्याच्यासमोरून उचलली. जाताना त्याला चहा विचारला नाही.