मन्नतीचा बकरा

आमच्या अब्बांना सगळी वस्ती 'सबूर' म्हणायची. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण शोभायचं. कुणाकडे दावत असली, दानधर्म असला की जनावर हलाल करायला अब्बांना बोलावणं यायचं. असल्या कामाचा माणूस राकट असणार असं लोकांना वाटतं. आमचे अब्बा अर्धे जागे, अर्धे झोपेत. आधी बकऱ्याला पाणी पाजायचे, मग मानेवरून हात फिरवत बसायचे, सुरी पाठीमागे धरून. धार लावायची ती जनावराच्या नजरेआड. एकासमोर दुसरं कापायचं नाही. यजमान तिकडे ताटकळतोय आणि हे बकऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटताहेत. अम्मी म्हणायची, ह्यांच्या हाती सुरी कुणी दिली, ह्यांना पाळणा हलवायला बसवायचं.

पण जनावर कशासाठी कापायचं हे विचारताना मात्र माणूस टक्क जागा. एकदा कुणा बड्या असामीचं स्वागत होतं. त्याचा पाय गाडीतून जमिनीला लागताच बकरा कापायचा, असा थाट. अब्बा म्हणाले, साहेबांना आत बसवा, त्यांना जेवू घालायला हवे तेवढे कापतो, पाहुण्याला खाऊ घालणं सवाबाचं, पुण्याचं काम आहे. पण त्यांच्या मोठेपणासाठी त्यांच्या पायाशी कापलं तर ते अल्लाचं राहत नाही, त्यातला घासही हराम. झालं, तिथून हाकलून दिलं. घरी येऊन गाढ झोपले, धन्य माणूस!

अब्बांना एकच धाकटा भाऊ. घराच्या वाटणीवरून शब्दाला शब्द वाढला आणि चाचा जे निघून गेले ते गेलेच. अब्बांनी मन्नत मानली होती, तो परत आला तर एक बकरा, सगळाच्या सगळा, गोरगरिबांना. बकरा पाळला, मोठा केला, आणि बसता-उठता दाराकडे बघत राहिले. मला तर वाटायचं, बकरा म्हातारा होऊन मरेल, पण चाचा काही यायचे नाहीत.

आणि एका धुक्याच्या सकाळी चाचा दारात उभे. अंगात कोट, हातात बॅग. अब्बा त्यांच्या तोंडावरून हात फिरवत राहिले, स्वप्नातल्या माणसाला हात लावून बघावं तसे. हसले, रडले, पुन्हा हसले. मग मागच्या अंगणात गेले, बिस्मिल्ला म्हणून बकरा कापला आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. दुपारपर्यंत घरभर तो वास असा पसरला की भिंतीसुद्धा भुकेल्या झाल्या असतील.

आणि चाचांच्या ताटात काय? डाळ आणि भोपळा! बाजार नेमका बंद, दुसरं मटण आणणार कुठून? मी जाम भडकले. अम्मीनं सुचवून पाहिलं होतं, अर्धा पाहुण्याचा म्हणू या, अर्धा मन्नतीचा. अब्बा म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

चाचा ताटाकडे बघत राहिले. "भाई, माझ्यासाठी कापलंत आणि मलाच नाही?"

"तुझ्यासाठी नाही रे. तू आलास म्हणून," अब्बा म्हणाले. "मन्नतीचं आहे. मी खायचं नाही, माझ्या लेकीनं नाही, खात्यापित्या घरच्या पाहुण्यानंही नाही. ज्याला ददात आहे त्याचं ते. भाऊ गरजू असता तर पहिला हक्क त्याचा. पण तुझं तर अल्लाच्या कृपेनं छान चाललंय."

हे ते अगदी आनंदानं बोलले. चाचांचा चेहरा पडला. त्यांनी ताटातलं संपवलं, हात धुवायला म्हणून ताट घेऊनच बाहेर गेले आणि परत आले नाहीत. गेला पुन्हा, असं म्हणत अम्मीनं कपाळाला हात लावला. अब्बा रिकाम्या दाराकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, मन्नत पुरी करता करता भाऊ घालवलात. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली.

मागच्या दाराशी ताटं घेऊन लोक जमले होते. अब्बा उठले, डाव घेऊन वाढायला लागले. वाढताना ते कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, फक्त ताटाकडे. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. वाफेत मान खाली घालून ते वाढत होते, पुढचं ताट, पुढचं ताट. मग एक ताट आलं ते आमच्याच घरचं. डाळ-भोपळा पुसून खाल्लेलं.

अब्बांनी मान वर केली. चाचांच्या अंगात कोट नव्हता. सदरा खांद्यावर ठिगळ लावलेला, मानेची हाडं वर आलेली.

"कोट दुसऱ्याचा आहे, भाई," चाचा म्हणाले.

अब्बांनी वाढलं. पुन्हा वाढलं. चाचा पुरे म्हणत होते, मागचे लोक कुरकुरायला लागले, रस्सा ताटावरून चाचांच्या मनगटावर ओघळत होता, तरी अब्बांचा हात काही थांबेना.